देवणीच्या बैलाचे गुडघे

अहमदपूरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, जात तर विचारलीच नाही. आपल्याकडे भाड्याच्या खोलीच्या बाबतीत हे किती दुर्मीळ आहे ते ज्याने खोली शोधली आहे त्यालाच कळेल. त्यांनी मला चपला काढायला लावल्या आणि म्हणाले, "मॅडम, जरा त्या तुळशीपस्तोर चालत जा, अन् माघारी या."

मला वाटलं, अंगण दाखवतायत. मी गेले, आले. ते ओट्यावरच्या खुर्चीत पुढे वाकून, डोळे बारीक करून माझ्या पायांकडे बघत होते. "आणखी एक फेरी," म्हणाले. दुसऱ्या फेरीनंतर निकाल लागला.

"उजव्या पायावर भार टाकून राहिल्या तुमी. डावा गुडघा पुढं चालून तरास देणार. बाकी चाल बरी हाय. खोली देतो. पण एक अट हाय, सांजच्याला एक वाटी पालेभाजी खावीच लागंल. माझ्या घरात गुडघा धरून बसलेलं माणूस मला चालत न्हाई."

हे ते बोलत होते त्याच वेळी त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, त्यांची बायको एका हातानं चौकट आणि दुसऱ्या हातानं गुडघा धरून उठायची खटपट करत होती. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं, आणि तरीही खोली घेतली, कारण कॉलेज तिथून जवळ होतं आणि खोलीला दोन खिडक्या होत्या.

काका पूर्वी देवणीला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर अहमदपूरला घर बांधलं, आणि जनावरं संपली म्हणून माणसं हाती घेतली. गल्लीत त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. ज्यांना ठाऊक होतं ते हसून म्हणायचे, ज्यांना ठाऊक नव्हतं ते पाया पडून. काकांना दोन्ही चालायचं. तपासायची पद्धत मात्र त्यांनी बदलली नव्हती. आलेल्या माणसाला आधी अंगणात चालवायचं, मग वळवायचं, मग गुडघ्याच्या मागे दोन बोटं दाबून "हं, हं, हुबा ऱ्हा" म्हणायचं. एकदा गल्लीतल्या टेलरमामांना त्यांनी तोंड उघडायला लावलं. मामा मान दुखते म्हणून आले होते. काकांनी दात बघितले आणि त्यांचं वय बरोबर सांगितलं. मामा इतके खूश झाले की मानेचं विचारायचंच विसरले.

सगळ्या दुखण्यांवर काकांचा सिद्धांत एकच होता. तो ते रोज सकाळी ओट्यावरून सांगायचे, आणि सांगण्याआधी समोरच्यांवर एक नजर फिरवून थांबायचे.

"देवणीच्या बैलाला कुणी कवा गुडघ्याला मलम लावताना बघितलं का? न्हाई. कामून? पाला खातो म्हून."

ज्या माणसानं उभी नोकरी बैलांना मलम लावण्यात घालवली त्याच्या तोंडी हे वाक्य ऐकून मी पहिल्याच आठवड्यात न राहवून विचारलं, "काका, मग तुम्ही देवणीला मलम लावायचात कुणाला?" ते जराही डगमगले नाहीत. "त्ये शिंगाला. जू घासून खांदा सुजतो, त्या खांद्याला. गुडघ्याला न्हाई." या उत्तरावर टेलरमामांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच हरले असं मला वाटायला लागलं.

प्रत्येक भाजीला त्यांनी एकेक सांधा वाटून दिला होता. शेपू कमरेला, अंबाडी खांद्याला, करडईची भाजी मानेला, घोळ टाचेला आणि शेवग्याचा पाला गुडघ्याला. मेथी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "मेथी म्हंजे तहसीलदार. सगळ्याच कागदावर तिची सही चालती." फ्लॉवरचा विषय काढला तर त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "ती भाजी न्हाई, शोभा हाय."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पालेभाजी चांगली, यात वादच नाही. हाडांना लागणारं पुष्कळ काही तिच्यात असतं, पोट भरतं, वजन आटोक्यात राहतं आणि वजन कमी म्हणजे गुडघ्यावरचा भार कमी. सूज उतरायलाही थोडीफार मदत होत असेल. पण सांध्यातली झिजलेली कूर्चा शेपू खाऊन परत उगवत नाही. हे मी एकदा काकांना फळ्यावर शिकवावं तसं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी बेडकाचे पाय शिकवता. माणसाचे कुठं?"

त्यांच्या या विद्येपायी एकदा भलताच प्रसंग ओढवला होता. मागच्या गल्लीत एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. ती गोळी चालू असताना पालेभाजी एकदम वाढवायची नाही, असं त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. काकांनी त्यांना दोन्ही वेळा परातभर मेथी लावून दिली. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा प्रकार उघडकीस आला. कंडक्टरांचा मुलगा अंगणात येऊन वाट्टेल ते बोलून गेला. आम्ही सगळे खाली माना घालून उभे. तो गेल्यावर काकांनी खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "गोळीत दोष हाय. भाजीत न्हाई." कंडक्टर नंतर त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथे होतं.

काका पहाटे उठून गावाबाहेरच्या मळ्यांतून भाजी आणायचे, बाजाराच्या दिवशी तर पोत्यानं. ती फुकट वाटायचे. रोज सकाळी गल्लीतले लोक यायचे, अंगणात चालून दाखवायचे आणि निवडलेल्या, धुतलेल्या, बांधलेल्या जुड्या घेऊन जायचे. काकांचं औदार्य गल्लीभर गाजलं होतं. आणि ही भाजी निवडायच्या काकू, एकट्या. काकांचा दंडक असा होता की देठ दिसता कामा नये, पिवळं पान दिसता कामा नये, आणि निवडायचं ते जमिनीवर बसूनच. "जमिनीचा अन् पाल्याचा संबंध तुटला की भाजीचं सत्व जातं," म्हणायचे. याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

काका खुर्चीत बसून गल्लीचे गुडघे तपासत, आणि काकू त्यांच्या पायाशी मांडी घालून पाल्याच्या ढिगात. निवडून झालं की नळाखाली उकिडवं बसून धुवायचं, आणि परत खाली बसून जुड्या बांधायच्या. उठताना "आई गं माय". हाडांच्या डॉक्टरला गुडघे बिघडवण्याचा उपाय विचारला असता तर त्यालाही याहून चांगला सुचला नसता.

बरं, खायला तरी मिळावी? चांगला पाला सगळा जुड्यांतून बाहेर जायचा. काकूंच्या ताटात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तीन वर्षं दुखणं का जात नाही, याचंही उत्तर काकांकडे तयार होतं. "हिला गुण येत न्हाई, कारण ही मनापासून खात न्हाई." हे ते सगळ्यांसमोर म्हणायचे आणि लोक काकूंकडे जरा रागानंच बघायचे, जणू त्या डॉक्टरांचं नाव खराब करत होत्या.

मी एकदा त्यांच्याजवळ निवडायला बसले. माझेच पाय थोड्या वेळात बधिर झाले.

"काकू, तुम्ही बोलत का नाही त्यांना?"

"काय बोलावं माय. बैलाम्होरं पाला टाकला की त्यो तसाच खातो. त्येला कोण निवडून देतं? हे मी एकदा म्हणले, तर ह्यान्ला दोन दिस राग."

तालुक्याचं रानभाज्यांचं प्रदर्शन भरलं, त्या दिवशी मात्र गोष्ट हद्दीबाहेर गेली. काकांना भाषणाला बोलावलं होतं. काकूंनी आदल्या दिवशी बसून परातीच्या पराती निवडल्या आणि सकाळी मांडवात मांडल्या. काका इस्त्रीचा सदरा घालून मंचावर गेले, बैलाचा सिद्धांत सांगितला, टाळ्या घेतल्या आणि टाळ्यांच्या भरात माइकवरून म्हणाले, "आता माझ्या मंडळीलाच वर बोलावतो. रोज पालेभाजी! पायऱ्या कशा चढती ते बघा तुमी."

काकू मंचापाशी आल्या. लाकडी पायऱ्या उंच होत्या आणि धरायला काही नव्हतं. त्यांनी एक पाऊल वर ठेवलं, दुसरं उचलायला गेल्या आणि थांबल्या. पदर मुठीत घट्ट धरलेला मला लांबून दिसत होता.

"या, या! लाजू नका," काका माइकवरून.

काकूंनी वर बघितलं. "मी न्हाई येत वर," त्या म्हणाल्या. "तुमीच खाली या."

बायका खळखळून हसल्या. काकाही हसले. "बघा, आमची मंडळी लई लाजाळू हाय," म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका संताप आला की मी प्रदर्शन अर्धं टाकून काकूंना रिक्षात बसवून घरी आणलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "लातूरला हाडाचा डॉक्टर हाय म्हणं. तू येशील का संगं?"

काकांनी आडकाठी केली नाही. त्यांना खात्रीच होती. "जा, जा. त्यो बी पालेभाजीच सांगंल."

आणि डॉक्टरांनी खरंच ती सांगितली. एक्स-रे उजेडासमोर धरून ते म्हणाले, "पालेभाजी खा, चांगलीच आहे. पण खाली मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं बंद. मांडीचे व्यायाम दाखवतो ते करा, रोज चाला. अजून वेळ आहे. असंच चालू राहिलं तर सांधा बदलावा लागेल. दिवसातून किती वेळ खाली बसता?"

"डॉक्टर," काकू म्हणाल्या, "उठते कवा ते इचारा."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर एकाएकी बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा बाजाराला स्वतः चालत जायच्या, येताना मैत्रिणीकडे टेकायच्या, देवळात जायच्या. आता गल्लीच्या तोंडाशी जायचं तरी आदल्या दिवशीपासून मनाची तयारी करावी लागते. "मला दुसरं काय बी नको, माय. मला चालायचंय. कुणाला न इचारता बाहीर पडून चालायचंय."

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. काकांनी अर्धंच ऐकलं. "म्हणलो नव्हतो? पालेभाजी सांगितली का न्हाई!" काकूंनी मग एवढंच मागितलं की ओट्यावर एक टेबल आणा, त्यावर भाजी निवडीन. काका म्हणाले, "टेबलावर काय भाजीचे पेपर तपासायचेत का?" स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले. दुसऱ्या दिवशी काकूंनी पिशवी भरली, "लेकीकडं जाऊन येते" म्हणाल्या आणि नांदेडच्या गाडीत बसल्या. लेक विष्णुपुरीला राहते, जावई तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कामाला आहे. चार दिवसांत येईल, असं काका सगळ्यांना सांगत होते. काकू दोन महिने आल्या नाहीत.

त्या दोन महिन्यांत मला काकांची विद्या जवळून बघायला मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीएवढा ढीग आणला आणि स्वतः खाली बसले. थोड्या वेळानं उठायला गेले तर उठता येईना. टेलरमामांनी काखेत हात घालून उभं केलं. काकांनी लगेच कारण सांगितलं की आज अंबाडी जुनी होती. चौथ्या दिवसापासून ते लोकांना न निवडलेलीच भाजी द्यायला लागले. लोक एकेक करून यायचे बंद झाले. टेलरमामा तेवढे प्रामाणिक, तोंडावर बोलले. "डॉक्टर, नुसता पाला घेऊन काय करू? आमची सून न्हाई निवडीत." गल्लीला गुण आला होता तो पालेभाजीचा नव्हता, निवडलेल्या पालेभाजीचा होता. ओट्यावर भाजी पिवळी पडून सडायला लागली आणि वास माझ्या दोन्ही खिडक्यांतून वर यायला लागला.

काही दिवसांनी त्यात दुसरा वास मिसळला. झोंबणारा, कापरासारखा. मी जिन्यात थांबून विचारलं, "काका, मलमाचा वास कसला हो?"

"देवणीची जुनी बाटली सापडली," ते म्हणाले. "सांडली."

काकू आल्या त्या एका सकाळी, रिक्षातून. आधी रिक्षावाल्यानं घडीचं टेबल उतरवलं, मग दोन उंच स्टुलं, आणि मग काकू उतरल्या. फाटकापासून ओट्यापर्यंत कशाला हात न लावता चालत आल्या. वजन थोडं उतरलं होतं. दोन महिने खुर्चीवर बसून जेवल्या होत्या, लेकीनं रोज व्यायाम करून घेतला होता आणि विष्णुपुरीच्या धरणाच्या रस्त्यानं संध्याकाळी फिरवलं होतं. भाजी काय खाल्ली विचारलं तर म्हणाल्या, "जी असंल ती. फ्लॉवर बी खाल्ला."

काकू आल्याची बातमी लागताच गल्ली गोळा झाली. सगळ्यांनी त्यांना चालताना बघितलं. काका खुर्चीतून उठले, त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बघा! तीन वरसं पाला घातला, आता अंगाला लागला!"

मी तोंड उघडलं होतं. काकूंनी माझा हात दाबला. त्यांनी टेबल उघडून ओट्यावर मांडलं, शेजारी स्टुलं ठेवली.

"हे कशाला?" काका.

"भाजी आता हितं निवडल्या जाईल. न्हाईतर निवडल्या जाणार न्हाई."

काकांनी गल्लीकडे बघितलं. गल्लीनं टेबलाकडे बघितलं. टेलरमामा म्हणाले, "टेबल बरं हाय की डॉक्टर." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दोन महिने सगळ्यांना आपापल्या घरी भाजी निवडावी लागली होती.

दुसऱ्या सकाळी मी जिन्यावर चहा घेत बसले होते, तेव्हा ओट्यावरून काकांचा आवाज आला. "बैलाची गव्हाण कवा जमिनीला टेकलेली बघितली का? न्हाई. कामून? उंचावरचा पाला सांध्याला लागतो. म्हून मी हे टेबल आणवलं." 'आणवलं' ऐकून माझ्या हातातला चहा सांडला. मी तडक स्वयंपाकघरात गेले.

"काकू, ऐकताय ना? तुम्हाला राग कसा येत नाही?"

त्या गॅसच्या ओट्याला टेकून उभ्या राहून शेवग्याची भाजी फोडणीला टाकत होत्या, चांगला कोवळा पाला, घरातल्या दोघांपुरता. "मला गुडघे पायजे होते माय, ह्यान्ला मोठेपणा. ज्याचं त्येला भेटलं," म्हणाल्या. "पर दुसरं स्टूल त्यांचं हाय. हे मी गाडीतून उतरायच्या आधीच ठरवलं होतं."

आणि खरंच, काका त्या स्टुलावर बसून निवडायला लागले. आधी हाताला येईल ते तोडायचे, देठ तसेच राहायचे. काकू ती जुडी उचलून परत त्यांच्यासमोर ठेवायच्या. सिद्धांत चालूच होता, फक्त आता तो सांगताना हात थांबले की काकू त्यांच्याकडे बघायच्या, आणि हात पुन्हा चालू व्हायचे. स्वतःच्या वाट्याचं निवडून झालं की त्या पदर खोचायच्या, चपला घालायच्या आणि "येते" म्हणून फिरायला निघून जायच्या. कुठे, किती वेळ, हे सांगायच्या नाहीत.

मला नांदेडला नोकरी मिळाली त्या सुमाराची गोष्ट. सकाळी मी कॉलेजला निघाले होते. काका एकटेच टेबलाशी, समोर शेपूचा ढीग. टेलरमामा फाटकातून विचारून गेले, "डॉक्टर, काकू कुठंय?"

"फिरायला गेली," काका छाती काढून म्हणाले. "गुण बघा पाल्याचा!"

मामा हसून पुढे गेले. मी चपला घालत होते. काका फाटकाकडे बघतच हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ही रोज कुठवर जाती हो?"

"काल बसस्टँडपाशी दिसल्या होत्या मला."

त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली.

"अन् तिथून?"

"तिथून काय," मी म्हटलं, "नांदेडची गाडी लागलेलीच असते. बायकांना अर्धं तिकीट आहे."

काकांनी पुन्हा एकदा फाटकाकडे बघितलं. मग काकूंनी जाताना परत समोर ठेवलेली जुडी त्यांनी आपल्याकडे ओढली, चष्मा नीट केला आणि एकेक पान बघून, एकही देठ न ठेवता निवडायला लागले.